श्रावण वद्यातली तेरा अंडी

माझ्या नवऱ्यानं मला फसवलं. पैशात नाही, दुसऱ्या बाईच्या भानगडीत नाही. तेरा अंड्यांच्या प्रकरणात फसवलं, आणि तेही गणपतीसमोर, आरतीचं तबक हातात धरून.

लिहिते आहे ते पहिल्यांदाच. बोलून मात्र पुष्कळ झालं. मी विषय काढला की हे ऐकून घेतात, चष्मा पुसतात आणि ‘चहा टाकू का?’ म्हणतात. म्हणून आता कागदावर उतरवते.

निमित्त झालं ओळखीतल्या एका मुलीचं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं गुडगावजवळ सोहन्याच्या रस्त्याला थोडी जागा घेतली आहे आणि हौसेनं वीसेक कोंबड्या पाळल्या आहेत. तिचा फोन आला, ‘काकू, तुम्ही पूर्वी उबवायची अंडी विकत होता ना? परवडतं का ते?’ मी म्हटलं, परवडतं. खायच्या अंड्याच्या तिप्पट भाव येतो. पण खायचं अंडं विकलं की त्याचं आमलेट होतं आणि गिऱ्हाईक तुला विसरून जातं. उबवायचं अंडं विकलंस तर गिऱ्हाईक एकवीस दिवस तुझी आठवण काढत बसतं. तेवढं सोसणार असेल तर विक. ती हसली. तिला वाटलं, काकू गंमत करतात.

आम्ही आधी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो. यांची नोकरी केंद्र सरकारच्या खात्यात, फायलींची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हिंदी येत नव्हतं. भाजीवाल्यांशी घासाघीस करता करता शिकले, त्यामुळे माझ्या हिंदीत अजूनही प्रेमाचे शब्द कमी आणि भांडणाचे जास्त आहेत. एका पगारात भागेना, तेव्हा मी एकटी बसनं पानिपतला गेले, सहा चादरी खांद्यावर घेऊन आले आणि वरच्या-खालच्या मराठी घरांतून विकल्या. मग छावणीतल्या जवानांच्या बायकांना हप्त्यानं दिल्या. पानिपतात आपल्या माणसांनी एकदा सगळं घालवलं. मी तिथून रिकाम्या हातानं कधी परतले नाही. तिथले दुकानदार मला बघून आपसात म्हणायचे, ‘आ गई मराठन, अब दोपहर तक दुकान बंद समझो.’ मला ते ऐकू यायचं आणि आवडायचंही.

त्या चादरींतून आणि यांच्या कर्जातून आम्ही गुडगावच्या एका नव्या सेक्टरमध्ये घर बांधलं. तेव्हा बाजार खुला झाल्याचं सगळीकडे बोललं जात होतं. आमच्या रस्त्याच्या टोकाला कुठल्याशा परदेशी कंपनीची काचेची इमारत चढत होती आणि आमच्या घरात दुपारी चार चार तास वीज नसायची. गल्लीत घरं पाच, प्लॉट तीस. मागं मोहरीची शेतं, त्यापलीकडं मूळचं गाव.

घर झालं आणि त्याच वर्षी सासरे गेले. साताऱ्याला थोरल्या दिरांकडे सासूबाई होत्या, त्यांना हे घेऊन आले. क्वार्टरमध्ये असतो तर त्यांना खालच्या मजल्यावर दोन-तीन मराठी बायका मिळाल्या असत्या. इथं कोणी नाही. हिंदी त्यांना समजायचं, पण बोलायचा धीर व्हायचा नाही. मागच्या पायरीवर बसून त्या दिवसभर रिकाम्या प्लॉटकडे बघत. संध्याकाळी हे स्कूटर लावत असतानाच रोज तेच वाक्य यायचं, ‘बाळ, मला साताऱ्याला पोचव रे.’ हे रोज म्हणत, ‘पोचवतो हं, आई.’

माझं आणि त्यांचं वाकडं नव्हतं. पण मी बाहेर फिरणारी, तोंडाची फटकळ, त्या मऊ. मला कळायचं की या बाई इथं टिकणार नाहीत, आणि त्या गेल्या तर यांना आयुष्यभर लागून राहील. मलाही लागलं असतं. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

कोंबड्या आल्या त्या अशा. छावणीतल्या एका जवानाची बदली झाली. त्याची बायको खटावकडची; तिनं क्वार्टरच्या मागं गावाकडून आणलेल्या कोंबड्या पाळल्या होत्या आणि आता त्या न्यायच्या कशा म्हणून रडत होती. चार कोंबड्या, एक कोंबडा. तांबूस अंगाच्या, काळ्या शेपटीच्या, तुकतुकीत. तिनं दोन चादरी मागितल्या. मी एक चादर आणि दोन उशांचे अभ्रे यावर सौदा तोडला. आंब्याच्या पेटीत भरून हे त्यांना स्कूटरवर घेऊन आले. धौला कुआँच्या सिग्नलला कोंबडा आरवला आणि सगळ्या बसमधले लोक वाकून यांच्याकडे बघायला लागले, हे सांगताना हे अजून लाजतात.

सासूबाईंनी जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. पहिले आठ दिवस त्या नाकाला पदर लावून आत बसल्या. नवव्या दिवशी मी स्वयंपाकघरातून ऐकलं, तर मागं कोणाला तरी रागावणं चाललं होतं. ‘मेल्या, तिला खाऊ दे की आधी. लाज नाही का?’ बघते तर त्या कोंबड्याला बोलत होत्या. मग दिवसभर त्यांचं बोलणं सुरू झालं. त्या वसाहतीत त्यांना मराठी समजणारं कोणीतरी मिळालं होतं; कोंबड्या साताऱ्याकडच्याच होत्या ना.

वर्षभरात कोंबड्या विसावर गेल्या. नर वाढले की मी विकून टाकायची; खुराड्याचा मालक तो एकच कोंबडा. कोणतं अंडं कुठलं, कधीचं, याचा मला पत्ता राहीना. सासूबाईंनी यांच्या टेबलावरची पेन्सिल घेतली आणि रोज प्रत्येक अंड्यावर तिथी घालायला सुरुवात केली. त्यांना तारखा लक्षात राहायच्या नाहीत, तिथी कधी चुकायची नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी मराठी कॅलेंडर होतं. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या सदनात हे दर वर्षी जाऊन ते मिळवून आणत. त्यात बघून बारीक, मोत्यासारख्या अक्षरात त्या लिहायच्या. ‘आ. शु. ५.’ ‘आ. व. २.’ मी म्हटलं, ‘आई, तुम्हाला चालतं का हे?’ त्या म्हणाल्या, ‘मी खात नाही. लिहायला काय झालं?’

संध्याकाळचं ते वाक्य कधी बंद पडलं ते यांच्या लक्षातही आलं नाही. एके दिवशी स्कूटर लावून हे आत आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. ‘आज आई काही म्हणाली नाही.’ मी म्हटलं, महिना झाला त्याला.

आता उबवायच्या अंड्यांचं. ही कल्पना माझी. इकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. सावनात शेजारी अंडी घेत नाहीत, आणि त्यांचं सुरू होईपर्यंत छावणीतल्या मराठी बायकांचा श्रावण आलेला असतो. सहा आठवडे अंड्यांना कोणी विचारत नाही. मी डोकं लढवलं. खात नसतील, उबवतील तर खरं. अंड्यांवर बसायला आलेली खुडूक कोंबडी काही उपास बघून बसत नाही. आजूबाजूच्या गावांत, छावणीत, फार्महाऊसच्या माळ्यांत मी सांगून ठेवलं, आणि गिऱ्हाईक मिळालं. आठ दिवसांच्या आतलं अंडं, वर तिथी घातलेली. अशी खात्री कोण देत होतं? सासूबाईंच्या अक्षरामुळे माझा भाव होता.

दुसऱ्या वर्षी आषाढात शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं. सळया बांधायच्या तारेचे तुकडे इकडं येऊन पडायचे. त्यातली एक तार कोंबड्याच्या पायाला गुंडाळली गेली आणि आम्हाला कळेपर्यंत रुतली. मी तार कापली, सासूबाईंनी हळद भरली, पण तो लंगडायला लागला. एका पायावर उभा राहायचा. आणि एका पायावरच्या कोंबड्याचा कोंबड्यांना काय उपयोग, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. जुन्या पुण्याईवर काही दिवस अंडी फळतात; नंतरची बहुतेक वांझ. हे मला माहीत होतं. तरी मी विकत राहिले.

गोकुळाष्टमीला पलीकडच्या गावातले एक निवृत्त सुबेदार आले. उंच, मिशा पांढऱ्या, बोलणं आज्ञा सोडल्यासारखं. फौजेत असताना कुठल्याशा लंगरच्या, म्हणजे फौजी भटारखान्याच्या, कोंबड्या त्यांनी सांभाळल्या होत्या, म्हणून त्यांना वाटायचं की त्यांना सगळं कळतं. त्यांची कोंबडी खुडूक बसली होती. तेरा अंडी हवी होती, पण बाराच्या भावात. बसवायची तर विषम हवीत, तेरावं ते देवाचं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, देवाचं असेल तर देवाकडून घ्या. आम्ही दोघं अर्धा तास त्या एका अंड्यावरून भांडलो. मला मजा येत होती. फार दिवसांनी तोडीचा माणूस भेटला होता. सासूबाई आतून आल्या आणि काही न बोलता त्यांच्या टोपलीत तेरावं अंडं ठेवून गेल्या. सुबेदारांनी त्यांना हात जोडले. मी चिडले.

कोंबड्याबद्दल मी काही बोलले नाही. तो पेरूच्या झाडामागं बसला होता.

मग गणपती आले. आमच्याकडे दीड दिवसाचा. चतुर्थीला संध्याकाळी आर. के. पुरमची जुनी मंडळी, छावणीतल्या बायका, त्यांचे नवरे, असं घर भरलं होतं. हे तबक घेऊन उभे, सासूबाई मूर्तीशेजारी दूर्वा निवडत बसलेल्या. तेवढ्यात फाटक वाजलं. सुबेदार आले, पायऱ्यांवर शिस्तीत बूट काढले आणि व्हरांड्यात येऊन पिशवीतून एकेक अंडं काढून पाटावर मांडायला लागले.

त्यांनी दहाव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात अंडी धरून पाहिली होती. लाल शिरा नाहीत, आत काही धरलेलं नाही. मग वरच्या पेन्सिलीकडं लक्ष गेलं.

‘बहनजी, पढ़िए. सावन बदी तीज. यह सावन बदी चौथ. और मैं ले गया जन्माष्टमी को. महीने से ऊपर के अंडे आपने ताज़े कहकर दिए. फौजी के साथ बेईमानी?’

ज्यांना मी चादरी विकल्या होत्या, ती सगळी माणसं तिथं होती. मी अंडं हातात घेतलं. ‘श्रा. व. ३.’ सासूबाईंचं अक्षर. अंडी पाच-सहा दिवसांचीच होती, याची मला खात्री होती. एरवी मी त्या माणसाला फाटकापर्यंत मागं रेटत नेलं असतं. पण खरं सांगते, तो कोंबड्याचं नाव काढत नाही एवढ्यानंच मला इतकं बरं वाटलं की तिथीचा घोळ नेमका काय आहे, हे बघायचंही मला सुचलं नाही. दहाच अंडी आणली होती, तेही मी मोजलं नाही. आयुष्यात एकदाच मोजायला विसरले. समोर सोपी वाट दिसली आणि मी ती धरली.

मी म्हटलं, ‘माताजी बुजुर्ग हैं. लिखने में गड़बड़ हो गई होगी.’

सुबेदार म्हणाले, ‘तो माताजी से कहिए, अंडों पर झूठ न लिखा करें.’

हे पुढं सरकले. तोंड उघडलं होतं, काहीतरी बोलणार होते. सासूबाईंनी यांच्याकडं बघून मान हलवली. किंचित. मला ते दिसलं. मला वाटलं, म्हातारपणाची थरथर. यांनी तोंड मिटलं. कोणीतरी आरती सुरू केली. सुबेदार आरती संपेपर्यंत डोकं झाकून उभे राहिले, प्रसाद घेतला आणि अंडी तिथंच ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी अंड्यांच्या टोपलीशेजारी पेन्सिल तशीच पडलेली दिसली. अंडी कोरी. मला वाटलं विसरल्या. चौथ्या दिवशीही कोरी. मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘दिसत नाही गं आता नीट.’ त्याच डोळ्यांनी त्या तांदळातले खडे वेचत होत्या.

त्या मागच्या पायरीवर बसेनाशा झाल्या. आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून जप करायच्या. कोंबड्या दाराशी येऊन घुटमळायच्या. लंगडा तर उंबऱ्यावर येऊन उभा राहायचा आणि मान वाकडी करून आत बघायचा. त्या उठायच्या नाहीत. दसऱ्याच्या सुमारास एका संध्याकाळी यांनी स्कूटर लावली आणि ते वाक्य परत आलं.

मी काय काय नाही केलं? नवीन पेन्सिली आणल्या. छावणीतल्या बायकांना मुद्दाम भेटायला आणलं. एकदा खोटंच सांगितलं की एका कोंबडीला बरं नाही, बघायला या. त्या म्हणाल्या, ‘तुला कळतं की सगळं.’ माझा राग सुबेदारावर निघाला. त्यांच्या गावावरून रिक्षा जायची ती मी लांबच्या रस्त्यानं न्यायला लावायची. भेटेल त्याला सांगायची की एका माणसानं माझ्या म्हाताऱ्या सासूला चारचौघांत खोटारडी म्हटलं. मी काय म्हणाले होते, ते मी त्यात सांगत नसे.

पायाची गाठ बसली, दिवाळीनंतर कोंबडा चालायला लागला. उबवायची अंडी विकणं मी बंद केलं होतं. पुढच्या पावसाळ्यात यांनी आईचं साताऱ्याचं तिकीट काढलं. गोकुळाष्टमीनंतरच्या आठवड्यातलं.

त्या अष्टमीला शेजारणीनं झुला सजवला होता, म्हणून मी हात जोडायला गेले. भटजी संकल्प सांगत होते. भाद्रपद मास, कृष्ण पक्ष, अष्टमी. मी शेजारणीच्या कानाशी म्हटलं, ‘पंडितजी चूक गए, सावन है.’ ती म्हणाली, ‘सावन तो राखी को खतम हो गया, दीदी. भादों चल रहा है.’ आणि तिच्या भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं.

वीस वर्षं मी दिल्लीत राहत होते. त्यांचा सावन आपल्या आधी लागतो, यावर मी धंदा केला होता. तो आपल्या आधी संपतो, हे कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. आपलं श्रावण वद्य म्हणजे त्यांचा भादों. त्यांचं सावन बदी, म्हणजे सावनातलं वद्य, त्याच्या एक महिना आधी होऊन गेलेलं. सासूबाईंनी ‘श्रावण वद्य तृतीया’ लिहिलं ते बरोबर होतं, आणि सुबेदारांनी ते अंडं महिन्याचं शिळं धरलं तेही त्यांच्या हिशेबानं बरोबरच होतं.

मी प्रसाद हातात घेऊन तशीच निघाले. आपलं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, शेजारणीचं मागून घेतलं आणि दोन्ही गुंडाळून त्या गावात गेले. माझ्या मनात एकच होतं. हा माणूस उद्या माझ्या घरी येईल, सासूबाईंसमोर उभा राहील आणि शब्द परत घेईल. तिकीट फाटलं पाहिजे.

सुबेदार अंगणात खाटेवर बसले होते. मी दोन्ही कॅलेंडरं खाटेवर पसरली आणि बोलत सुटले. त्यांनी चष्मा लावला, बोटानं एकेक रकाना पाहिला. फार वेळ पाहिला. आणि त्या वेळात माझं लक्ष त्यांच्या उकिरड्याकडं गेलं. तिथं तीन कोंबड्या उकरत होत्या. तांबूस अंग, काळी शेपटी.

माझ्याच कोंबड्यांचा वाण. महिन्याच्या शिळ्या अंड्यांतून पिल्लं निघतात का? तीन निघाली तेव्हाच या माणसाला कळलं होतं की अंडी ताजी होती. आणि तरी हा वर्षभर आला नाही. मी बोट करून विचारलं, ‘ये किसकी हैं, सुबेदारसाहब?’

ते लाजले. एवढा मोठा माणूस खरोखर लाजला. म्हणाले, आना चाहिए था. शरम आई. मग कॅलेंडर गुंडाळून माझ्या हातात देत त्यांनी सरळ विचारलं, ‘पर बहनजी, अंडे ताज़े थे, तो बाकी दस क्यों खाली निकले?’

मी जन्मभर घासाघीस केली आहे. समोरचा हरला की मला लगेच कळतं. आणि आपण हरलो की तेही. त्यांची सून ताक घेऊन आली, आम्ही दोघांनी ते खाली बघत प्यायलं. त्यांना घरी बोलवायचं मी बोललेच नाही.

घरी आले तेव्हा सासूबाई आतल्या खोलीत पेटी भरत होत्या. मी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. दोन महिने, दोन कॅलेंडरं, तीन कोंबड्या. त्यांनी लुगड्याची घडी पूर्ण केली, मग म्हणाल्या, ‘मला माहीत होतं गं. समोरची म्हातारी राखीला म्हणाली होती, आमचा सावन संपला.’

‘मग त्या दिवशी बोलला का नाहीत?’

‘तिथीचं उलगडलं असतं तर त्यानं पुढचं विचारलं असतं, मग पिल्लं का नाहीत. कोंबडा लंगडत होता. चारचौघांत काय सांगणार होतीस तू? माझं काय, मी म्हातारी. म्हाताऱ्या माणसाची चूक कोणी मनावर घेत नाही.’

मी मग विचारलं, ‘पण मग लिहायचं का सोडलंत, आई?’

त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, ‘तूच म्हणालीस ना, गडबड होते म्हणून.’

सुबेदाराचा शब्द त्यांना लागलाच नव्हता. माझा लागला होता. मी त्यांचे पाय धरले, आणि हे मी लग्नाच्या दिवसानंतर पहिल्यांदाच मनापासून केलं. म्हटलं, मी घाबरून बोलले, तुमचं अक्षर कधी चुकलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, ‘तिन्ही माद्या आहेत?’

‘तिन्ही.’

‘बघायला मिळतील?’

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रिक्षानं गेलो. सुबेदार त्यांना बघून खाटेवरून उठले, वाकून नमस्कार केला आणि माफीचा एक शब्दही न बोलता म्हणाले, ‘माताजी, मुर्गी बैठी है. तेरह अंडे चाहिए. आपके हाथ के लिखे.’ मी मध्येच म्हटलं, गेल्या वर्षी कोंबडा लंगडा होता, मी सांगितलं नव्हतं. यंदा बरा आहे. ते म्हणाले, ‘तीन मैंने भी नहीं बताए थे.’ सासूबाई उकिरड्यापाशी वाकून त्या तिघींशी मराठीत बोलत होत्या.

त्या आठवड्यात सासूबाईंनी तेरा अंड्यांवर दोन्हीकडं लिहिलं. एका बाजूला आपला महिना, दुसऱ्या बाजूला त्यांचा. तेरावं मी स्वतः टोपलीत ठेवलं. भाव मात्र बाराचा नाही, तेराचाच घेतला.

तिकीट रद्द करायला मी यांना स्टेशनवर पाठवलं. त्यानंतर सासूबाई आमच्याकडे नऊ वर्षं राहिल्या. शेवटच्या आजारातही उशाशी पेन्सिल होती.

आता मूळ मुद्दा. मी सासूबाईंना विचारलं होतं, यांना ठाऊक होतं का? त्या म्हणाल्या, ‘त्याला विचार.’ मी विचारत आले आहे. ऑफिसात इकडचं कॅलेंडर यांच्या डोक्यावर टांगलेलं, घरातलं मराठी कॅलेंडर हे स्वतः सदनातून आणणारे. सुट्ट्यांची यादी यांच्या टेबलावरून जायची. यांना ठाऊक नव्हतं, हे मी मानत नाही. एकदा म्हणाले, आठवत नाही. एकदा म्हणाले, आईनं नको म्हटलं. एकदा म्हणाले, तुला खाली बघावं लागलं असतं, ते मला बघवलं नसतं. हे शेवटचं ऐकून मी दोन दिवस यांच्याशी नीट बोलू शकले नाही, एवढं मला ते गोड लागलं. पण ते उत्तर नाही.

आरतीच्या वेळी गप्प बसलात, समजलं. बायकोची लाज राखलीत, आईनं सांगितलं ते ऐकलंत. पण पाहुणे गेल्यावर? विसर्जन करून आल्यावर? आपण तिघंच होतो घरात. दोन कॅलेंडरं शेजारी ठेवून मला चार वाक्यं सांगितली असतीत, तर मी रागावले असते, भांडी आपटली असती, आणि रात्रीच्या आत आईंसमोर बसले असते. त्यांनी सकाळी पेन्सिल उचलली असती. त्याऐवजी जवळजवळ एक वर्ष ती बाई भिंतीकडं तोंड करून बसली, कोंबडा उंबऱ्यावर उभा राहून त्यांची वाट बघत राहिला, आणि तुम्ही रोज संध्याकाळी स्कूटर लावून ‘पोचवतो हं, आई’ म्हणत होता. माझ्या वाटणीचं मी आईंच्या पायाशी देऊन मोकळी झाले. तुमच्या वाटणीचं ते वर्ष राहिलं आहे. चहा नको. चष्मा राहू द्या तसाच. बसा इथं आणि सांगा, का गप्प राहिलात?